थकव्याचा पाठलाग – ९ : तिसऱ्या दिवसाचा हिशेब

श्वासाचा भाग आज द्यायचा होता, तो पुढच्या आठवड्यात. सिन्नरहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे आणि त्याचं उत्तर लांबवणं मला बरं वाटत नाही.

त्यांच्या जाऊबाईंना चिकनगुनिया होऊन आठ महिने झाले. ताप गेला, सांधे बऱ्यापैकी मोकळे झाले, पण अंगात त्राण म्हणून नाही. रक्त, थायरॉइड, साखर सगळं ठीक. मग ‘मनाचंच आहे’ म्हणून घरच्यांनी योगवर्गाला घातलं. रोज बारा सूर्यनमस्कार. पहिल्या दिवशी तरतरी वाटली, दुसऱ्या दिवशी नेटाने केले, तिसऱ्या दिवशी बाई अंथरुणातून उठल्याच नाहीत. ताई विचारतात, आजार मनाचा की शरीराचा?

चिकनगुनिया आपल्याकडे नवा नाही. १९७३ साली बार्शीत साथ आली होती. त्यानंतर तीसेक वर्षं त्याचं नाव फारसं ऐकू आलं नाही आणि मार्च २००६ मध्ये एकट्या मालेगावात दोन हजारांवर रुग्ण झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं. ताप उतरला की साथीच्या बातम्या संपतात. पुढे कितीजणांना पूर्वीसारखं मागावर उभं राहता आलं, हे त्या बातम्यांत येत नाही.

त्याच २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या डब्बो या गावचा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. मला तो फार मोलाचा वाटतो, कारण त्यातला रॉस रिव्हर विषाणू हा चिकनगुनियाचाच भाऊबंद आहे, तोही डासांतूनच येणारा. त्याचे, ग्रंथीज्वराचे आणि क्यू फीव्हरचे मिळून २५३ रुग्ण पहिल्या आजारपणापासून नजरेखाली ठेवले होते. सहा महिन्यांनी त्यांतल्या २८ जणांना दीर्घ थकव्याचा पूर्ण आजार जडलेला होता. जंतू तीन, चित्र एकच. आणि हा आजार कुणाला जडला? ज्यांचं पहिलं दुखणं जबर होतं त्यांना. आधीच्या मानसिक स्वभावावरून त्याचा अंदाज बांधता आला नाही. जाऊबाईंच्या घरी एवढं एक वाक्य तरी वाचून दाखवावं.

‘मनाचंच आहे’ हा शेरा डॉक्टरांनीही मारलेला आहे. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात १९५५ साली जवळजवळ तीनशे कर्मचारी आजारी पडले होते. पंधरा वर्षांनी दोन मनोविकारतज्ज्ञांनी जुने कागद चाळून तो सामूहिक हिस्टेरिया ठरवला. त्या शेऱ्याने कितीतरी रुग्णांचं नुकसान केलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तिसऱ्या दिवसाकडे येऊ. दीर्घ थकव्याच्या आजाराची खूण थकवा ही नाहीच, थकवा रक्त कमी असलं तरी येतो, क्षयातही येतो. खूण ही, की झेपेल त्यापलीकडे श्रम झाले तर त्याचा तडाखा तासाभरात न बसता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बसतो आणि कित्येक दिवस टिकतो. श्रम अंगमेहनतीचेच हवेत असंही नाही. लग्नघरातली एक दुपार किंवा बँकेतली रांग पुरते. म्हणून आसनं झाल्यावर ‘कसं वाटतंय?’ असं विचारून उपयोग नाही, परवा विचारायला हवं. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये आपला जुना सल्ला बदलला तो याच अंगाने. ठरलेल्या पायरीने व्यायाम वाढवत नेऊ नका, असं तिने सांगितलं. विचार आणि वर्तन बदलणारी मानसोपचार पद्धती आधार म्हणून द्यावी, बरं करणारा उपचार म्हणून नाही, हेही सांगितलं.

मग मनाच्या वाटेने काहीच साधत नाही का? साधतं. जपानमध्ये २०१४ साली, नेहमीच्या उपचारांनी उतार न पडलेल्या ३० रुग्णांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना खुर्चीत बसून, श्वासाबरोबर स्नायू हलके ताणायचे आणि सोडायचे, असा वीसेक मिनिटांचा योग शिकवला. त्यांचा थकवा कमी झाला. प्रयोग लहान होता, पण त्याची दिशा मला पटते. आसनात प्रयत्न सैल सोडावा हे पतंजलींनीच सांगून ठेवलं आहे. सक्तीचे बारा नमस्कार त्यात कुठे बसतात?

ताई, जाऊबाईंचे सूर्यनमस्कार आज बंद करा. त्यांना एक वही द्या : काय केलं, किती वेळ, आणि परवा कशी होते. तडाखा न बसता जेवढं जमतं त्याच्या अलीकडेच थांबायचं, चांगल्या दिवशीसुद्धा. उभं राहिल्यावर छाती धडधडत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर झोपून आणि उभ्याने नाडी मोजून घ्या आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. शवासन चालेल, तेही अवघडल्यासारखं होत नाही तोवरच. भस्त्रिका आणि कपालभाती मात्र नकोत; का नकोत, ते पुढच्या भागात श्वासाबरोबर सांगतो.