चिठ्ठी दुसऱ्याची, गोळ्या आपल्या

पावसाळा लागला की आमच्या तळ्यात भिंतींना ओल धरते. मागच्या पडवीत पेंढा, सरपण, वर दोरीवर न वाळलेले कपडे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात कौलं-पत्रे उडाले आणि तो अख्खा पावसाळा आम्ही ओलीतच काढला. बुरशी म्हणजे लोणच्यावर येते ती, एवढंच मला ठाऊक! ती माणसाच्या फुप्फुसातही वाढते, हे पुढच्या वर्षी कळलं.

एप्रिल २०२१ मध्ये थोरल्या जाऊबाईंना करोना झाला. साखरेचा त्रास जुना, पण ऑक्सिजन ९७. मुंबईच्या माझ्या बहिणीच्या औषधांची चिठ्ठी मोबाइलवर होती. बचत गटातल्या बायका मला अर्धी डॉक्टरीण समजतात, आणि खरं सांगू, मीही समजत होते. ती चिठ्ठी मीच पुढे पाठवली. त्यात स्टिरॉइड होतं. बहीण ऑक्सिजनवर होती, जाऊबाई नव्हत्या, हा फरक माझ्या डोक्यातच आला नाही.

दोन दिवस त्यांना बरं वाटलं. मग धाप लागली. दवाखान्यात नेलं तेव्हा साखर चारशेच्या वर! अतिदक्षता विभागात ताप पुन्हा चढला, खोकल्यातून रक्त आलं. तपासणीत म्युकर निघाला.

नंतर डॉक्टरांनी समजावलं. बुरशीचे सूक्ष्म कण हवेत, मातीत, पेंढ्यात सगळीकडे असतात. रोज आपल्या नाकात जातात, पांढऱ्या पेशी त्यांचा निकाल लावतात. पण विषाणूने श्वासनलिकेचं अस्तर खरवडलेलं, स्टिरॉइडने पहारेकरी गुंगवलेले आणि रक्तात साखर भरपूर, मग तिला रान मोकळंच. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. उगाच भांडी वेगळी करू नका.

स्टिरॉइड वाईट नाही हो. इंग्लंडमधल्या २०२० च्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस दिलं, तेव्हा ऑक्सिजन लागणाऱ्यांचे जीव वाचले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना फायदा दिसला नाही. म्हणून डॉक्टरांनी दिलं तर घ्यावं, साखर रोज मोजावी, आणि मनाने सुरू किंवा बंद करू नये. घरी ऑक्सिजन असेल तर बाटलीत नळाचं पाणी नको, निर्जंतुक पाणीच घाला. आजारी माणसाला पेंढा झाडायला, ओल्या खोलीत निजायला लावू नका.

हे करोनापुरतंच नाही. गंभीर फ्लूच्या रुग्णांतही अस्परजिलस नावाची बुरशी शिरते. युरोपात त्यांना आधीच बुरशीचं औषध देऊन पाहिलं. २०२१ मध्ये निष्कर्ष आले, तर बऱ्याच जणांत अतिदक्षता विभागात येतानाच बुरशी होती! म्हणजे औषधाच्या भरवशावर बसून चालत नाही. फ्लू झालेल्याला धाप लागली, उतरलेला ताप परत आला, छातीत दुखलं, थुंकीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी निघायचं.

मे २०२१ मध्ये सरकारने म्युकरची नोंद सक्तीची करायला सांगितलं, तेव्हा आम्ही अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनांसाठी वणवण फिरत होतो. त्याने मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून रोज रक्त तपासायचे. जाऊबाई वाचल्या. पण विहिरीवरून एक कळशी आणली तरी मध्ये दोनदा टेकतात.

मला त्या कधी बोलल्या नाहीत. फक्त गेल्या गौरी-गणपतीत ताप आला तेव्हा फोन केला, "अगं, साखर मोजली मी. चिठ्ठी नको पाठवूस, रिक्षा पाठव."