जुनी भट्टी घेताना जाळ नको, पाणी बघा

न्यूयॉर्क राज्याचा उत्तर भाग, व्हरमाँट, विस्कॉन्सिन, मिनेसोटा या थंडीच्या मुलखात गावाबाहेरच्या घरांमागे पत्र्याची छोटी खोपटी उभी असते आणि तिच्यातून धुराडे वर आलेले असते. ती म्हणजे घर उबदार ठेवणारी लाकडाची भट्टी. रचना आपल्या बंबासारखीच, मधे जाळ आणि भोवती पाणी. तापलेले पाणी पंपाने जमिनीखालच्या नळ्यांतून घरात जाते, तिथे उष्णता देऊन परत येते. नवी भट्टी महाग असल्याने जुन्या भट्ट्यांना गिऱ्हाईक भरपूर, आणि त्यांच्याबद्दलचे गैरसमजही तितकेच.

गैरसमज : कडक नियम नव्या भट्ट्यांना, जुनी कुठेही बसवा.
वस्तुस्थिती : यातले अर्धेच खरे आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने (ईपीए) २०१५ मध्ये धुराच्या मर्यादा घातल्या आणि मे २०२० पासून त्या आणखी कडक केल्या. त्या नव्या भट्ट्यांच्या उत्पादनाला आणि विक्रीला लागू आहेत. पण राज्यांचे आणि गावांचे नियम वेगळे असतात. व्हरमाँटने १९९७ मध्येच शेजाऱ्याच्या घरापासून २०० फूट अंतराची अट घातली. न्यूयॉर्कच्या २०११ च्या नियमांत नव्याने बसवलेल्या घरगुती भट्टीसाठी हद्दीपासून १०० फूट अंतर आणि किमान १८ फूट उंच धुराडे लागते. काही गावांत अशा भट्ट्यांना सरसकट बंदी आहे. भट्टी विकत घेता आली म्हणजे ती आपल्या आवारात लावता येईलच असे नाही. म्हणून भट्टीवरच्या लेबलाचा फोटो घेऊन आधी गावाच्या कार्यालयात चौकशी करावी.

गैरसमज : जाळ झकास पेटतो, म्हणजे भट्टी ठणठणीत.
वस्तुस्थिती : जाळ तर फुटक्या भट्टीतही पेटतो. भट्टी मरते ती गंजाने, आणि गंज दोन्हीकडून लागतो. पाण्याच्या बाजूने, टाकीत गंजरोधक रसायन घातले नसेल तर पोलाद झिजते. जाळाच्या बाजूने, उन्हाळाभर तशीच पडलेली राख दमट हवेतले पाणी शोषून तळ खाते. म्हणून भट्टी थंड असताना बघायला जावे. राख पूर्ण उपसायला लावावी, खालचे कोपरे आणि दाराची चौकट तारेच्या ब्रशने घासावी आणि हातोडीने हलके ठोकत जावे. जाड पत्रा खणखणतो, पातळ झालेला बद्द वाजतो. वेल्डिंगची ठिगळे मोजावीत. शक्य असल्यास पत्र्याची जाडी मोजणारे अल्ट्रासोनिक यंत्र आणावे. टाकी काठोकाठ भरून रात्रभर ठेवली की बारीक गळती सकाळी ओल दाखवते. विक्रेत्याकडे पाणी तपासल्याच्या नोंदी मागाव्यात. पाणी न काढता भट्टी बर्फात पडून राहिली असेल, तर गोठलेल्या पाण्याने नळ्या आणि पंप तडकलेले असू शकतात.

गैरसमज : भट्टी मोठी आहे, ओलेसुके काहीही जळते.
वस्तुस्थिती : ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचे असू शकते. ते पाणी उडवण्यातच बरीच उष्णता खर्च होते. सरपणातला ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा. त्यासाठी लाकूड फोडून, वारा लागेल असे रचून, वरून झाकून निदान सहा महिने वाळवावे लागते. ओकला दोन वर्षेही लागतात. ओलावा मोजायचा तो ओंडका नुकता फोडून, आतल्या बाजूला. जुन्या भट्टीत पाणी पुरेसे तापले की हवेची झडप मिटते आणि लाकूड धुमसत राहते. त्यातून दाट धूर निघतो आणि डांबरासारखे, आम्लधर्मी क्रिओसोट पत्र्याला चिकटते. घराच्या गरजेपेक्षा मोठी भट्टी घेतली तर ती जास्तच धुमसते. प्लायवूड, रंगवलेल्या फळ्या, रसायन मुरवलेले लाकूड तर मुळीच जाळू नये. जुन्या प्रक्रियायुक्त लाकडात आर्सेनिक असू शकते.

गैरसमज : नळ्या जमिनीत पुरल्या की उष्णता टिकते.
वस्तुस्थिती : नळीभोवतीच्या स्वस्त आवरणात पाणी शिरले की वाटेतच जमीन तापते. हिवाळ्यात विक्रेत्याच्या अंगणात भट्टीपासून घरापर्यंत बर्फ वितळून गवताची सरळ पट्टी उघडी पडलेली दिसली, तर सरपण कुठे जाते ते कळते. चांगल्या वेष्टनाच्या नळ्या महाग मिळतात. त्या, खोदकाम, घरातला हीट एक्स्चेंजर, सिमेंटचा ओटा आणि शेकडो किलोंची भट्टी हलवणारे यंत्र यांचा खर्च मिळून भट्टीच्या किमतीच्या पुढे सहज जातो.

गैरसमज : वीज गेली तरी लाकूड आहेच.
वस्तुस्थिती : लाकूड असते, पण पंप विजेवर चालतो. पंप थांबला की घर गार पडते आणि तिकडे निखाऱ्यांवर टाकीतले पाणी उकळू लागते. जनरेटरची सोय हिशेबात धरलीच पाहिजे.

तेव्हा क्रम असा ठेवावा : आधी परवानगी, मग रिकाम्या भट्टीचा तळ, मग पाण्याच्या नोंदी, मग नळ्यांचा खर्च, आणि घासाघीस सगळ्यात शेवटी. विक्रेता राख उपसू देत नसेल किंवा टाकी भरू देत नसेल, तर भट्टी फुकट मिळाली तरी घेऊ नये.