लखनौहून गेलेले टिपण

ऑक्टोबर १९५९मध्ये लखनौच्या पूर्व विभाग मुख्यालयातून एक टिपण दिल्लीला गेले. खाली सही लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरातांची. गाव वडगाव, कोल्हापूरकडचे. त्यातला मुद्दा कुठल्याच राज्यकर्त्याला गोड लागणारा नव्हता. नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, मॅकमहोन रेषेला चिकटून लढू नका. तिथली ठाणी चाहूल लागण्यापुरती ठेवा. चिनी आत येऊ देत, त्यांची रसद लांबू दे. मग बोमडिलाच्या बाजूला, आपले सामान पोचेल अशा जागी त्यांना गाठा. मार्च १९६०मध्ये लखनौलाच ‘लाल किल्ला’ नावाचा सराव घेऊन त्यांनी हेच लष्करप्रमुख थिमय्यांपुढे मांडले. थिमय्यांना पटले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना त्यात नसती भीती दिसली.

भीती! १९४५च्या जानेवारीत ब्रह्मदेशातल्या कांगॉच्या टेकड्यांवर पंजाब रेजिमेंटची पलटण घेऊन चढलेला आणि डीएसओ मिळवलेला हा माणूस.

मला स्वतःला त्याहून कोरिया मोठा वाटतो. १९५३ साली तिथले युद्ध थांबल्यावर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांवर युद्धकैद्यांची राखण भारतीय तुकडीकडे आली, प्रमुख थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही भारतीय शिपायाचे पाऊल आपल्या मातीला लागू द्यायला तयार नव्हते. म्हणून इंचॉनला जहाजाने आलेल्या जवानांना अमेरिकी हेलिकॉप्टरांतून थेट निर्लष्करी पट्ट्यात नेऊन सोडावे लागले. सप्टेंबरात चिनी कैद्यांनी भारतीय तुकडीतल्या मेजर ग्रेवालना कुंपणाआड ओढून नेले. बाहेरून गोळीबार केला असता तर ग्रेवाल जिवंत हाती लागले नसते. थोरात मोजके अधिकारी घेऊन त्या जमावात शिरले, बोलत राहिले आणि ग्रेवालना घेऊन बाहेर आले. अशोकचक्र वर्ग २, म्हणजे आजचे कीर्तिचक्र, त्यांना मिळाले ते कोरियातल्या कामगिरीबद्दल.

मे १९६१मध्ये थिमय्या निवृत्त झाले. त्यांनी आपल्या जागी थोरातांचे नाव सुचवले होते. नेमणूक झाली थापरांची. थोरातही त्याच महिन्यात घरी आले. पुढे दीड वर्षाने, २० ऑक्टोबर १९६२ला, चिनी फौजा सीमा ओलांडून आल्या आणि नोव्हेंबरात बोमडिलाही पडले. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला म्हणून आपण आजही छाती फुगवतो. सह्याद्रीतलाच एक जाणता सेनापती तेव्हा घरी बसलेला होता, हे मात्र कुणी आठवत नाही. नेहरूंनी त्यांना बोलावून घेतले. ते टिपण आपल्यापर्यंत आलेच नव्हते, असे नेहरू म्हणाल्याचे थोरातांनी नोंदवले आहे. राष्ट्रीय संरक्षण परिषदेत त्यांना जागा मिळाली. सल्ल्याचे काम, हाताखाली एकही पलटण नाही.

नंतर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद. रणांगणावरून उमेदवारांच्या मुलाखतींकडे! मराठीत ‘माझी शिपाईगिरी’ लिहून झाली. १९८६च्या इंग्रजी आत्मचरित्राचे नाव ‘फ्रॉम रिव्हेली टू रिट्रीट’. छावणीत पहाटे वाजतो तो रिव्हेली, सूर्यास्ताला वाजतो तो रिट्रीट. लष्करी बोलीत रिट्रीटचा दुसरा अर्थ माघार. आणि वेळेवर, आपल्या सोयीच्या जागेपर्यंत घेतलेली माघार हाच तर त्या टिपणाचा गाभा होता. ऑगस्ट १९९२मध्ये ते गेले.