नुसते ‘भात करपला’ म्हणू नका



वांगणीकडच्या शिवारात आश्विन लागला की एक तक्रार हमखास कानावर येते : “साहेब, भात करपला.” आता हे करपणे तीन तऱ्हांचे असू शकते. पानावर दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखी व कडेला तपकिरी ठिपके असतील, तर तो बुरशीचा करपा. पानाच्या कडा शेंड्याकडून खाली वाळत येत असतील, तर जिवाणूंचा, म्हणजे कडा करपा. आणि शेतात मध्येच गोल खळे पडून रोपे वाळली असतील, तर चूड फाकवून पाहा. पाण्याच्या जरा वर, बुंध्याशी तुडतुडे बसलेले दिसतील. शब्द एक, दुखणी तीन. तुडतुड्यांवर बुरशीनाशक मारले तर औषधाचे पैसे गेले, आणि चार-आठ दिवसांत भातही हातचा गेला.

माणसाची जिथे गफलत होते तिथे यंत्राची व्हायचीच. वेबवरचा साधा शोध अक्षरे जुळवतो. ‘कोळी’ म्हणजे मासे धरणारा, कोळी म्हणजे तुडतुडे खाणारा आपला मित्र, आणि लाल कोळी ही तर कीड! नुसत्या अक्षरांवर चालणारे यंत्र या तिघांना एकाच दावणीला बांधते.

म्हणून शब्दाऐवजी अर्थ ओळखणाऱ्या सोयी निघाल्या. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९८० च्या दशकात ‘अ‍ॅग्रोव्हॉक’ हा शेतीचा शब्दसंग्रह सुरू केला. आज तो वेबवर आहे. त्यात प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र क्रमांक असतो, आपल्या जमिनीच्या गट नंबरासारखा. निरनिराळ्या भाषांतली नावे त्या एका क्रमांकाखाली येतात, आणि ती गोष्ट कशाचा प्रकार आहे तेही जोडलेले असते.

आपल्यापासून पवई काही लांब नाही. तिथल्या आय.आय.टी.ने २००३ च्या सुमारास ‘अ‍ॅक्वा’ ही प्रश्नोत्तरांची सेवा काढली. बारामतीचे कृषि विज्ञान केंद्र सोबत होते. शेतकऱ्याने मराठीत विचारायचे, तज्ज्ञाने उत्तर द्यायचे. तिथल्याच ‘अ‍ॅग्रो एक्स्प्लोरर’ या प्रयोगात वाक्यातून ‘कोण, काय करतो, कशावर’ असा अर्थाचा सांगाडा काढीत. त्यामुळे मराठी प्रश्न इंग्रजी मजकुराशीही ताडून पाहता येई.

पण यंत्र काय किंवा मी काय, तुमचे शेत तुम्ही सांगाल तेवढेच आम्हाला दिसणार. तेव्हा विचारताना भाताची जात, लावणीला झालेले दिवस, दिलेले खत, ठिपक्याचा रंग व आकार, आणि रोग सगळीकडे आहे की खळ्याखळ्यांत, हे जरूर सांगावे. गावातले नाव लाजू नका, सांगा. मात्र खूणही जोडा. ‘पळींज झाली’ म्हणालात तर पुढे म्हणा, ‘लोंबी पांढरी, पोचट, ओढली की अलगद निघते.’ मग खोडकिडा ओळखायला वेळ लागत नाही.

इंटरनेट नसेल त्यांनी किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर फोन करावा. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. फोन करताना शेताच्या बांधावरच उभे राहा, म्हणजे विचारले ते तिथल्या तिथे पाहून सांगता येईल.