भंडाऱ्याच्या तलावांकडे पायी जाताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दसऱ्याच्या आसपास पाऊस ओसरतो, धान निसवू लागतो आणि भंडारा-नागपूरकडची मंडळी एका दिवसाच्या पायपिटीसाठी एखादा तलाव गाठतात. तलावांचा जिल्हा म्हणून भंडाऱ्याची ओळख मोठी आहे. त्या तलावांविषयीचे गैरसमजही तितकेच मोठे आहेत.

हे तलाव निसर्गाने दिले, हा त्यातला सर्वांत जुना समज. इथे पाणी अडवले ते माणसांनी. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळत असे. कोहळी समाजाच्या जाणकारांनी उताराचा अंदाज घेत मातीच्या पाळी घातल्या, पाणी सोडायला तुडुम बसवले, जास्तीच्या पाण्याला सांडव्यातून वाट दिली. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत तोही भंडाऱ्यातच होता. पुढे गावांचे मालगुजार या तलावांची निगा राखू लागले, म्हणून ते मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले. गाळ काढणारे आणि पाळ दुरुस्त करणारे गावचे हात मात्र अनेक ठिकाणी सुटले. आज उथळ झालेला तलाव दिसला, तर त्यामागे कमी पावसापेक्षा ही सुटलेली निगा असण्याची शक्यता अधिक.

म्हणूनच पाळ ही फिरायला केलेली वाट समजू नये. ऑक्टोबरात तुडुमातून सुटणाऱ्या पाण्यावर खालचा धान पिकतो. शिंगाडा आणि मासोळीवर धीवर कुटुंबांचे घर चालते. पाळीवर मोटारसायकल चढवली की मातीला घळी पडतात आणि पुढच्या पावसात त्या रुंदावतात.

जिल्हा सपाट आहे, चढायला डोंगरच नाही, असेही सर्रास बोलले जाते. तुमसर तालुक्यात सातपुड्याच्या रांगा आहेत. तिथला आंबागड किल्ला 1700 च्या सुमारास देवगडच्या बख्तबुलंदचा सुभेदार राजाखान पठाण याने बांधला. चांदपूरचा जलाशय इंग्रजी अमलातला. शेजारच्या टेकडीवर हनुमानाचे देऊळ आहे. या चढणी उंच नाहीत, पण त्यांना हलके लेखू नये. थंडी इथे दिवाळीच्या पुढे येते. ऑक्टोबरातले ऊन आकाश निरभ्र असल्याने थेट लागते, जमिनीत ओल असल्याने हवा दमट राहते आणि घाम वाळत नाही. चालणे पहाटे सुरू करावे, अकराच्या आत सावली गाठावी.

अभयारण्याची पाटी संपली की वाघ संपला, हा समज तर जिवावर बेतणारा. ‘जय’ नावाचा नर वाघ 2013 मध्ये नागझिरा अभयारण्यातून निघाला आणि शेते, रस्ते, नद्या ओलांडत शंभरहून अधिक किलोमीटरवरच्या उमरेड-कऱ्हांडल्यात पोचला. मे 2023 मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या गेल्या. नागझिरा आणि कोका इथे जंगल पाहायचे ते प्रवेशद्वारावर परवाना काढून, ठरलेल्या वाहनातून. आपल्या मनाने पायी शिरता येत नाही. पायी जायचे तर गावालगतचा तलाव निवडावा आणि आधी गावकऱ्यांना विचारावे. कुठल्या बाजूला परवा पाऊलठसे दिसले, हे गुराख्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक नसते.

पक्ष्यांबाबतही गल्लत होते. तलावाकाठचा प्रत्येक मोठा पक्षी परदेशी पाहुणा नसतो. सारस पूर्णपणे इथला आहे. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदियात आणि थोडा भंडाऱ्यात उरला आहे. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या उथळ कडेला घरटे करतो, त्यामुळे शरदाच्या सुरुवातीला जोडीमागे लहान पिल्लू असू शकते. छायाचित्रासाठी जवळ जाऊ नये. हिमालय ओलांडून येणारा पट्टकदंब हंस हिवाळ्यातला. त्याच्यासाठी पुन्हा यावे लागेल.

सगळ्यांत कमी बोलला जाणारा धोका गवतात असतो. साप दिसला की माणूस सावध होतो, पण स्क्रब टायफस पसरवणारी चिगर माइटची अळी डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. 2018 मध्ये ऑगस्ट-सप्टेंबरात विदर्भात या तापाचा उद्रेक झाला आणि त्यात मृत्यूही झाले. हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही; गवतावर, झुडपांत बसल्या-लोळल्याने अळी चावते. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, विजार मोज्यांत खोचावी, बसताना सतरंजी अंथरावी, घरी आल्यावर आंघोळ करून कपडे गरम पाण्यात धुवावेत. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, किंवा काखेत, जांघेत न दुखणारी काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना गवतात फिरल्याचे आवर्जून सांगा. डॉक्सिसायक्लिन हे साधे औषध वेळेत सुरू झाले, तर हा आजार बरा होतो.