पत्रा धरून ठेवणारा हुक

छपराचा पत्रा वाऱ्याने दाबला जातो त्यापेक्षा जास्त वर खेचला जातो. छपरावरून वेगाने जाणारा वारा तिथला दाब कमी करतो आणि आतली हवा पत्र्याला खालून ढकलते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले, तेव्हा कितीतरी घरांचे पत्रे असेच उडाले.

हा ताण पेलतो तो साधारण ८ मिलिमीटर जाडीचा, जस्ताचा मुलामा दिलेला हुक. त्याचे वाकलेले टोक पत्र्याखालच्या लोखंडी आडव्याला खालून अडकते, आटे असलेले टोक पत्र्यातून वर येते. आडवा पाइपचा असेल तर गोल वाकाचा हुक, अँगलचा असेल तर काटकोनी.

भोक नेहमी पन्हळीच्या उंचवट्यावर पाडावे. खोलगट भागातून पाणी वाहते, तिथले भोक गळणारच. नटाखाली लोखंडी वॉशर आणि त्याखाली डांबरी वॉशर हवाच. काही रुपयांसाठी तो वगळणे मला अक्षम्य वाटते. सिमेंटच्या पत्र्यात भोक हुकापेक्षा किंचित मोठे ठेवावे, नट करकचून आवळू नये, नाहीतर पत्रा तडकतो. वाऱ्याची ओढ कडांना आणि कोपऱ्यांना सर्वाधिक असते, म्हणून तिथे हुक जवळजवळ लावावेत.