पिवळा दिवा लागला, आता?

मुलांनो, गाडीत मागच्या सीटवर बसून मान उंच करून पुढे डोकावायची सवय तुम्हा सगळ्यांनाच असते. किल्ली फिरवली की स्टिअरिंगमागे कितीतरी दिवे एकदम लुकलुकतात आणि पटापट विझून जातात. त्यातलाच एक दिवा मी परवा वर्गात फळ्यावर काढून दाखवला. वरून उघडा, खाली दातेरी कडा असलेला घोड्याचा नाल आणि त्याच्या पोटात उद्गारचिन्ह! "ओळखा पाहू, हे काय?" असं विचारल्यावर उत्तरं आली, "कढई!", "चूल!", "हंडा!" एकजण तर म्हणाला, "बाई, धोक्याची विहीर!"

विहीरवाल्याला मी निम्मे गुण दिले. धोका तर त्याने बरोबर ओळखला होता ना! ते चित्र असतं टायरचं. टायर कापून समोरून पाहिला तर असाच दिसतो. खालचे दाते म्हणजे रस्त्याला टेकणारी नक्षी. टायरमधली हवा कमी झाली की हा दिवा पिवळा लागतो.

आता गेल्या मे महिन्यातली आमच्या घरातली गोष्ट सांगते. आम्ही नाशिकहून वेरूळची लेणी बघायला निघालो होतो. गाडी माझ्या थोरल्या भावाची, चालवायलाही दादाच. सोबत वहिनी, आई आणि सातवीत जाणारा माझा भाचा. सिन्नर मागे टाकलं, गोंद्याजवळ समृद्धी महामार्गावर चढलो आणि गाडीने छान वेग घेतला. बाहेर रणरणतं ऊन, आत गाण्यांच्या भेंड्या. कोपरगावच्या आसपास भाच्याची भेंडी मधेच थांबली. "बाबा, ती कढई लागली!"

दादा म्हणाला, "काही नाही रे, हल्लीच्या गाड्यांना दिवेच फार. सेन्सरचं काहीतरी असेल. वेरूळला पोचलो की बघू."

गाडी तर सरळ चालली होती, आवाज नाही, हादरा नाही. खरं सांगायचं तर मलाही दादाचंच पटलं होतं. पण भाचा ऐकेना. त्याने वहिनीला पुढच्या खणातलं गाडीचं पुस्तक काढायला लावलं आणि तो दिवा असलेलं पान मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटी वहिनी म्हणाली, "अहो, एकदा बघून तरी घ्या!" दादाने कुरकुरत वेग कमी केला, डावीकडची लेन धरली आणि शिर्डीच्या फाट्याला गाडी खाली उतरवली.

पंक्चरवाल्या काकांनी मीटर लावला. तीन टायरांत ३१, ३१ आणि ३० पौंड. मागच्या डाव्या टायरमध्ये फक्त २१! दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आकडा होता ३३. चपट्या डोक्याचा एक स्क्रू टायरमध्ये रुतून बसला होता आणि हवा हळूहळू निघून जात होती. काकांनी टायर चाकावरून उतरवला, आत हात फिरवला आणि तळवा आमच्यासमोर धरला. तळव्यावर काळी भुकटी! "ताई, हा आतून दळला गेलाय. पंक्चर काढून उपयोग नाही. आणखी थोडा पळवला असता तर रस्त्यातच उडाला असता."

दादाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मग स्टेपनी चढवली, बाकीच्या टायरांची हवा नीट करून घेतली आणि आम्ही वेरूळला गेलो.

पण माझ्या डोक्यात ती भुकटी राहिली. फक्त हवा कमी होती, तर रबराचं पीठ कसं झालं?

आधी हे 'पौंड' प्रकरण समजून घेऊ. ३३ पौंड हवा म्हणजे टायरच्या आतल्या बाजूच्या प्रत्येक चौरस इंचावर हवा ३३ पौंडांचा, म्हणजे साधारण १५ किलोचा जोर लावते. कॅरमच्या सोंगटीएवढ्या जागेवर १५ किलोचं पोतं! आता गणित करा. गाडी माणसांसकट १२०० किलो धरा. चार चाकं, म्हणजे एका चाकावर ३०० किलो. एक चौरस इंच १५ किलो पेलतो, तर ३०० किलोंना किती चौरस इंच लागतील? २०. एवढाच टायर रस्त्याला टेकतो. आपलं टपालाचं पोस्टकार्ड साधारण तेवढंच असतं. म्हणजे तुमची अख्खी गाडी चार पोस्टकार्डांवर उभी असते, बरं का!

आमच्या टायरमध्ये हवा उरली होती २१ पौंड, म्हणजे चौरस इंचाला साडेनऊ किलो. ओझं मात्र तेच, ३०० किलो. मग ढोबळमानाने दीड पोस्टकार्डाएवढा टायर रस्त्याला चिकटला. तो जास्त चपटा झाला आणि त्याच्या बाजूच्या भिंती जास्त वाकल्या.

वाकल्या तर काय बिघडलं? घरी एखादी जुनी तार असेल तर एकाच जागी दहा-पंधरा वेळा मागेपुढे वाकवा. (जपून हं!) वाकवलेली जागा ओठाला लावून पाहा, चटका बसेल. आणखी वाकवत राहा, तार तुटेल. टायरचंही तसंच. त्याचा जो भाग रस्त्याला टेकतो तो वाकतो, वर गेला की सरळ होतो. छोट्या गाडीच्या चाकाचा घेर १ मीटर ९० सेंटिमीटर धरला, तर ताशी १०० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला जवळजवळ १५ वेळा फिरतं. म्हणजे तेवढ्या वेळा वाकणं आणि सरळ होणं, तेही एका सेकंदात! तासाभरात ५२ हजारांच्या वर. हवा पुरेशी असेल तर टायर थोडासाच वाकतो आणि तयार झालेली उष्णता वाऱ्याने निघून जाते. हवा कमी असेल तर उष्णता आत साठत जाते, रबर आणि आतले धागे एकमेकांपासून सुटायला लागतात, आणि मग फट्!

आता त्या बाकीच्या तीन टायरांकडे पुन्हा एकदा बघा. त्यांना तर स्क्रू लागला नव्हता. मग हवा ३१ का? तीही पळून टायर तापलेले असताना! गार असताना मोजली असती तर २८च भरली असती. कारण दादाने आठवड्यापूर्वीच एका पंपावर हवा कमी करून घेतली होती. "उन्हाळा आहे, चार-पाच पौंड कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटेल," असं कुणीतरी सांगितलं म्हणून. हा सल्ला तुमच्याही घरी ऐकला असेल. ऐकायला बरोबर वाटतो, पण आहे उलटा. टायर २० अंशांनी तापला तर आतला दाब तीनेक पौंडांनी वाढतो. चांगला टायर एवढं सहज सोसतो. टायरच्या कडेवर त्याची कमाल मर्यादा छापलेली असते, ती पाहा, आपल्या ३३ पेक्षा ती बरीच वर असते. हवा कमी ठेवली की मात्र टायर जास्त वाकतो आणि जास्त तापतो. उन्हाळ्यापासून वाचवायला म्हणून केलेला उपायच टायरला भट्टीत घालतो!

हे मी इतकं घोळवून सांगते, कारण समृद्धी महामार्ग आता आपल्या नाशिक जिल्ह्यातून, सिन्नर-इगतपुरीतून जातो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा. सगळा मिळून ७०१ किलोमीटरचा सरळसोट काँक्रीटचा रस्ता, गाड्यांना ताशी १२० पर्यंत परवानगी. जुन्या आग्रा रोडवर कसारा घाट, ट्रकांची रांग, चहाची टपरी, काही ना काही कारणाने गाडी थांबायचीच आणि टायर गार व्हायचे. इथे गाडी तास-तास एका वेगाने पळते. टायर फुटून अपघात होऊ लागले तेव्हा २०२३ मध्ये परिवहन खात्याने महामार्गावर चढणाऱ्या गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली आणि झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या. सगळा दोष टायरचाच असतो असं मात्र नाही हं. वेग, डुलकी, लेन तोडणं हीसुद्धा कारणं असतातच.

गाडीला हवा कमी झालेली कळते कशी? याच्या दोन युक्त्या आहेत. पहिलीत प्रत्येक चाकाच्या आत, हवा भरायच्या व्हॉल्व्हपाशी, एक इवलंसं यंत्र बसवलेलं असतं. ते दाब मोजतं आणि रेडिओच्या लहरींनी निरोप पाठवतं, जणू चाकातली आकाशवाणी! दुसरी युक्ती मला जास्त आवडते. तुम्ही बाबांचा हात धरून चालता तेव्हा बाबांची दहा पावलं होतात तोवर तुमची पंधरा होतात, नाही का? हवा कमी झालेलं चाक थोडं बुटकं होतं आणि बाकीच्या चाकांबरोबर राहायला त्याला जास्त वेळा फिरावं लागतं. ब्रेकसाठी चाकांचे फेरे मोजणारं यंत्र गाडीत असतंच, त्याच्या हे लगेच लक्षात येतं. पण चारही चाकांची हवा सारखीच उतरली तर? तर सगळेच बुटके! मग या युक्तीला चटकन काही कळत नाही.

दिवा लावायची ही सक्ती आधी अमेरिकेत झाली. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीला ६५ लाख टायर परत बोलवावे लागले, कारण धावताना टायरची वरची साल सुटून गाड्या उलटत होत्या आणि २०० हून जास्त माणसं त्यात गेली होती. हवा कमी असणं हेही त्यातलं एक कारण होतं. त्याच वर्षी कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीत हा दिवा आला. तिथल्या नियमाप्रमाणे हवा पाव हिश्शाने कमी झाली की दिवा लागायला हवा. म्हणजे ३३ पौंडांच्या टायरमध्ये २५ उरेपर्यंत दिवा गप्पच राहू शकतो! आपल्याकडे सगळ्या गाड्यांना सक्ती नाही. पण ऑक्टोबर २०२० पासून एक सवलत आहे, ट्यूबलेस टायर, हा दिवा आणि पंक्चर बुजवायचं सामान असेल तर छोट्या गाडीत स्टेपनी नसली तरी चालते. तेव्हा आईबाबांनो, लांब निघण्याआधी डिकी उघडून स्टेपनी आहे ना, तेवढं बघून घ्या.

थंडीतली गंमतही सांगते. डिसेंबर-जानेवारीत आपल्या निफाडला पहाटे पारा आठ अंशांखाली जातो. दुपारी ३० अंशांना भरलेली ३३ पौंड हवा आठ अंशांना साडेएकोणतीसच दाखवते, कुठेही न गळता! टायर आधीच थोडा कमी असेल तर अशा पहाटे दिवा लागतो आणि गाडी दहा किलोमीटर पळून टायर गरम झाले की विझतो. मोठी माणसं म्हणतात, "बघ, बिघाडच होता." बिघाड नव्हता, हवाच कमी होती. खरा बिघाड वेगळा ओळखू येतो. गाडी सुरू केल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला, तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ हवा मोजणारी यंत्रणाच बिघडली आहे.

आणि भर रस्त्यात दिवा लागला तर? करकचून ब्रेक नाही. चालवणाऱ्याने हळूहळू वेग कमी करावा, डावीकडे यावं आणि जवळच्या पंपावर किंवा फाट्याला हवा मोजून घ्यावी. गाडी एका बाजूला ओढू लागली किंवा धडधड जाणवली, तर मात्र पुढे जायचंच नाही. डावीकडे अगदी कडेला थांबायचं. अशा वेळी तुम्ही मुलांनी डाव्या दारानेच उतरायचं आणि कठड्यापलीकडे जाऊन उभं राहायचं. चाक बदलताना बघायला गाडीमागे गर्दी करायची नाही, कितीही उत्सुकता वाटली तरी!

वेरूळहून आल्यावर भाच्याने साठवलेल्या पैशांतून हवा मोजायचा मीटर आणला आणि एक वही केली. महिन्याच्या पहिल्या रविवारी, गाडी बाहेर काढायच्या आधी, टायर गार असताना, तो पाचही आकडे लिहितो. पाचवा स्टेपनीचा, तो सगळेच विसरतात. या रविवारी सकाळी मी दादाला फोन केला तर फोन भाच्यानेच उचलला. "आत्या, थांब जरा, मागचा डावा राहिलाय," म्हणाला आणि फोन तसाच बोनेटवर ठेवून गेला. मागून दादाचा आवाज येत होता, "किती भरली रे? ३३? मग टोपी घट्ट लाव!"